घरचा कॉम्प्युटर आणि शिरूर-दौंडची लाईट: दोष नेमका कुठे शोधायचा?

अकरावीचा प्रवेश, सीईटीचा फॉर्म, स्कॉलरशिपचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, उर्दू शाळेच्या प्रश्नपत्रिकेचं इनपेजवरचं टायपिंग, ही सगळी कामं आता घरच्या कॉम्प्युटरवर होतात. तो मध्येच बंद पडायला लागला की पालक कॅबिनेट उचलतात आणि दुकानात नेतात. दुकानात तो चार तास व्यवस्थित चालतो. घरी आणला की पुन्हा तेच. दुकानदार एसएमपीएस बदलतो, महिन्याभरात नवा एसएमपीएसही जातो. असं दोनदा झालं असेल, तर मशीनवरचा संशय जरा बाजूला ठेवून घरातल्या लाईटकडे बघावं. मशीन दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, यातच अर्धं उत्तर आहे.

पालकसभेत हा विषय निघाला की बहुतेक जण "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" एवढं बोलून थांबतात. व्होल्टेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची लक्षणं वेगळी आणि इलाजही वेगळे. यातल्या दोन गोष्टींत प्रश्न मशीनपुरता राहत नाही, घरातल्या माणसांच्या जिवाशी येतो. म्हणून आधी तेच बघू.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सगळ्यात कमी मनावर घेतली जाते. "थोडा करंट मारतो, चप्पल घालून बसायचं," असं मुलांना सांगून विषय संपवला जातो.

कारण समजून घ्या. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये आत येणारी गडबड गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते एका बाजूने फेज-न्यूट्रलला आणि दुसऱ्या बाजूने कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून जाणारा अगदी थोडा करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही, आणि पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मं, म्हणजे ११०-११५ व्होल्ट उभं राहतं. करंट फारच कमी असल्यामुळे त्याने बहुधा फक्त मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. अशा वेळी मशीनमध्ये काही बिघडलेलं नसतं. मशीन तुम्हाला सांगतंय की या घरात अर्थिंग नाही. उद्या एसएमपीएसच्या आत फेजची तार खरोखरच पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील. तेव्हा वुजू करून ओल्या पायांनी, ओल्या हातांनी कुणी कॅबिनेटला हात लावला, तर मुंग्यांवर भागणार नाही.

लॅपटॉपचा दोन पिनांचा अडॅप्टर लावल्यावरही धातूच्या कडेला अशीच बारीक थरथर जाणवते. चार्जिंग चालू असताना टचपॅडचा बाण उड्या मारतो, तेही यामुळेच होऊ शकतं. दोन पिनांच्या अडॅप्टरची रचनाच तशी असते, त्यामुळे तिथे घाबरायचं कारण नाही. तीन पिनांच्या मशीनला मात्र असं होता कामा नये.

आता शोध घ्यायचा. मशीनची थ्री-पिन वायर बघा. वरची जाडी पिन कुणी कापलेली किंवा मोडलेली तर नाही? भोकात बसत नाही म्हणून ती कापून टाकणारे महाभाग आहेत. नंतर एक्स्टेन्शन बोर्ड बघा. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त बोर्डांना भोकं तीन असतात, पण आतून वायर दोनच तारांची असते. तिसरं भोक नुसतं दाखवायला. बोर्डाच्या वायरमध्ये तिसरी, हिरवी तार आहे का, हे प्लग उघडल्यावर कळतं. बोर्ड आधी भिंतीतून काढा आणि मगच उघडा.

हे दोन्ही ठीक असेल तर प्रश्न भिंतीत आहे. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये साधा पिवळा बल्ब लावून बघणं ही जुनी आणि भरवशाची पद्धत. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला तर अर्थिंग काम करतंय. नुसता लुकलुकला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग नावापुरतं आहे. (घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल.) ही चाचणी इलेक्ट्रिशियनने करायची, घरच्या पोरांनी नाही. फक्त मल्टिमीटर लावून "२२० दाखवतोय, अर्थिंग चांगलंय" असं कुणी सांगितलं तर ते पुरेसं नाही. मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे कमजोर अर्थिंगवरही तो चांगला आकडा दाखवतो.

न्यूट्रलला अर्थ जोडून देणारा मिस्त्री

इथे जरा थांबून वाचा. अर्थिंग नाही म्हणून तक्रार केली की काही मिस्त्री पाच मिनिटांत "काम करून" देतात. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा तुकडा टाकायचा. झिणझिण्या बंद होतात, बल्बही झकास पेटतो, मिस्त्री पैसे घेऊन जातो.

हा जीवघेणा जुगाड आहे. पुढे कधी बोर्डात किंवा मीटरपाशी न्यूट्रलचा सांधा सुटला, तर मशीनमधून फिरून आलेला फेज त्या तुकड्यावाटे थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. त्याच बोर्डावर फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असेल तर त्यांच्या पत्र्यावरही. मशीन बंद पडलेलं असतं, "लाईट गेली" असं समजून कुणीतरी वायर हलवायला हात घालतं. म्हणून मिस्त्रीला विचारा: "अर्थिंगची तार कुठून आणली? खड्डा कुठे आहे?" त्याने खड्डा दाखवला नाही तर त्याच्याकडून बोर्ड उघडून घ्या.

सर्व्हिस वायरमधून घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा येतात. अर्थिंग बहुतेक घरांत आपलं आपणच करायचं असतं. रीतसर अर्थिंग म्हणजे जमिनीत सुमारे अडीच मीटर खोल जीआय पाइप, त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा, आणि तिथून प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत सलग हिरवी तार. नळाच्या पाइपला तार बांधणं हे अर्थिंग नव्हे. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे आहेत. जिथे लोखंडी आहेत तिथे अंघोळ करणाऱ्याला शॉक बसायचा.

आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मे महिन्यात जमीन सुकून तडकते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर होतं. खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी ओतलं तरी फरक पडतो. पण नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा सुकलेल्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम झाला. फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडतच नाही, आणि पत्र्यावर करंट तसाच राहतो. म्हणून मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. आपल्याकडे तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की ती क्षणार्धात लाईन तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. ती वारंवार पडते म्हणून काढून टाकू नका. कुठेतरी गळती आहे किंवा वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा तुकडा आहे, म्हणून ती पडते.

एका खोलीत दिवा प्रखर, दुसऱ्या घरात मंद

फ्रिज किंवा मोटार चालू झाली की दिवा किंचित मंद होतो, हे समजू शकतं. पण काहीतरी चालू केल्यावर दिवा *जास्त* प्रखर होत असेल, पंखा एकदम जोरात फिरू लागला असेल, किंवा आपल्याकडे सगळं झगझगीत आणि शेजारच्या घरात मिणमिणतं असेल, तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला आहे असं समजा. तेव्हा विचार करत बसू नका, मेन स्विच खाली करा.

डीपीवरून तीन फेज निघतात आणि गल्लीतली घरं त्या तिघांवर वाटलेली असतात. न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो डीपीपाशी किंवा खांबावर तुटला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त. एका गल्लीत एका रात्रीत पाच-सहा घरांचे टीव्ही, चार्जर, एसएमपीएस उडाल्याचं ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी स्पाइक गार्ड फारसा उपयोगी पडत नाही. जास्त व्होल्टेज आल्यावर लाईन तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र मीटरजवळ बसवता येतं. ज्यांच्या गल्लीत असं एकदा झालंय, त्यांनी त्यावर खर्च करायला हरकत नाही.

न्यूट्रल घरातल्या घरात तुटला तर खूण वेगळी. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि तरीही काहीच चालत नाही. मिस्त्री याला "रिटर्न येतोय" म्हणतात. बोर्डातला एखादा स्क्रू ढिला होऊन सांधा काळा पडलेला असतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीभोवती भाड्याच्या खोल्या पुष्कळ झाल्यात. तिथे काही ठिकाणी एका मीटरवरून आठ-दहा खोल्यांना बारीक वायरीने लाईट ओढलेली दिसते. पहिल्या खोलीतला सांधा सैल झाला की शेवटच्या खोलीतला कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, आणि भाडेकरू बिचारा विंडोज टाकून घेत बसतो.

ऊस, मोटारी आणि संध्याकाळचं व्होल्टेज

घरगुती लाईटचं ठरलेलं व्होल्टेज २३०, आणि त्यात साधारण ६ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान असेल तर महावितरणचं काम नियमात आहे. शिरूरला घोड आणि कालव्यांवरचा, दौंडला भीमेकाठचा ऊस, त्यामुळे विहिरी आणि मोटारी दोन्हीकडे भरपूर. शेतीचे फीडर बऱ्याच गावांत गावठाणापासून वेगळे झालेत. गावठाणातल्या घरांना त्यामुळे पूर्वीपेक्षा बरी लाईट मिळते. पण मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांची लाईट अनेक ठिकाणी शेतीच्याच लाईनवर आहे. तिथे थ्री-फेज आल्याबरोबर ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम सुटतात. मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज दाणकन खाली येतं आणि कधी डीपीच जळते. ऑटो स्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर लावा, असं महावितरण शेतकऱ्यांना सारखं सांगतं, ते याचसाठी. ऐकतंय कोण, हा भाग वेगळा.

घरातही हाच खेळ छोट्या प्रमाणात चालतो. रमजानात सहरीच्या वेळी पाण्याची मोटार आणि इंडक्शन एकदम चालू होतं. थंडीत दीड हजार वॅटची पाणी तापवायची रॉड लागते, ती एकटीच साडेसहा अँपिअर घेते. कॉम्प्युटरला स्क्रीन धरून दीड-दोनशे वॅट पुरतात, म्हणजे एक अँपिअरही नाही. तेव्हा लोड कॉम्प्युटरचा नसतो, त्याच्या बोर्डावर बाकी काय लावलंय त्याचा असतो. कॉम्प्युटरची लाईन मेनपासून वेगळी ओढून घेतली तर निम्म्या तक्रारी संपतात. शिलाई मशीनची मोटार, मिक्सर, इस्त्री त्या बोर्डावर नको.

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १००-२४० असा आकडा छापलेला असतो. कमी व्होल्टेजची त्याला पर्वा नसते, त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. जुन्या डेस्कटॉपच्या मागे मात्र ११५/२३० असा लाल स्विच असतो. व्होल्टेज कमी आहे म्हणून तो ११५ वर सरकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सकाळी व्होल्टेज पूर्ण येताच एसएमपीएस धडाम.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

घरगुती यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा असतो आणि तो साधारण ३६० वॅट सांभाळतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी. ती दोन-तीन वर्षं टिकते, आपल्या उन्हाळ्यात कधी त्याहून कमी. लाईट जाताच कॉम्प्युटर बंद होतो तेव्हा यूपीएस टाकून देऊ नका, आधी बॅटरी बदलून बघा. तपासायची रीत अशी: सगळं काम सेव्ह करा आणि भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग उपटू नका, कारण स्विच बंद केल्यावरही अर्थिंग जोडलेलं राहतं. पाच मिनिटंसुद्धा तग धरला नाही तर बॅटरी संपली. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही. तापताना तो एकदम भरपूर वॅट ओढतो आणि यूपीएस बसतो.

घराच्या मोठ्या इन्व्हर्टरबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यूपीएस मोडवर तो इतक्या चटकन बॅटरीवर जातो की कॉम्प्युटरला कळतही नाही. पण त्या मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईट तो घेतच नाही. जिथे संध्याकाळी १७० येतं, तिथे तो लाईट असूनही बॅटरीवर चालतो, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. अशा वस्तीवर इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवावा आणि कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस वेगळा घ्यावा. त्यासाठी इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर काही यूपीएस चालत नाहीत आणि नुसते ओरडत राहतात.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडकडू लागल्या की प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरत नाही. राउटरला येणारी तांब्याची नेट केबलही काढा, ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक तक्रार लाईटची वाटते पण तशी नसते. रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख जुन्या सालावर जाते आणि सरकारी वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपलेला असतो, तो बदलला की काम होतं.

तक्रार कुठे करायची

आधी शेजारच्या दोन घरांत विचारा. त्यांनाही तोच त्रास असेल तर दोष डीपीवर किंवा लाईनवर. फक्त आपल्याकडेच असेल तर सर्व्हिस वायर, मीटरपाशीचा सांधा किंवा घरातलं वायरिंग. मीटरच्या आधीचं काम महावितरणचं, पुढचं आपलं. घरातल्या कामासाठी आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला माणूस बघा. डीपीवर फ्यूज टाकायला स्वतः चढणं किंवा गल्लीतल्या धाडसी पोराला चढवणं, हे कुणीच करू नये.

महावितरणचा टोल-फ्री नंबर १९१२. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. जनमित्राला, म्हणजे आपण ज्याला वायरमन म्हणतो त्याला, नुसता फोन केल्याने नोंद होत नाही. व्होल्टेज रोजच कमी येत असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मल्टिमीटरवरचा आकडा तारीख आणि वेळेसह वहीत लिहा. तो तक्ता जोडून उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गल्लीतल्या चार-पाच ग्राहकांच्या सह्या आणि ग्राहक क्रमांक असतील तर आणखी चांगलं. तरीही दखल घेतली नाही तर वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर मुंबईला विद्युत लोकपालाकडे. तिथे सगळ्यात आधी तक्रार क्रमांक आणि ती पोचच मागतात.